दुसरा आवाज

आगरी समाजाच्या लग्नात धवला, म्हणजे लग्नविधीचे गाणे, सहसा एकटीने गायला जात नाही. मुख्य धवलारीण ओळ उचलते आणि शेजारी बसलेली दुसरी बाई ती झेलून परतून म्हणते. ही दुसरी पुष्कळदा वयाने लहान असते, नात्यातली किंवा शेजारची असते, आणि शिकत असते. ऐरोली, दिवा, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली या ठाणे खाडीकाठच्या गावठाणांत जाणत्या आणि नवख्या कलावंताची सांगड घालण्याची ही जुनी रीत. तिच्यासाठी वर्ग लागला नाही की वशिला लागला नाही. लग्न निघाले की दोघींनी मांडवात बसायचे, एवढेच.

धवलारीण लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडते. मांडवाची मेढ रोवताना, देवांना आवतण देताना, हळद लावताना, प्रत्येक वेळचा धवला वेगळा. हा गीतप्रकार किती जुना, याची साक्ष तेराव्या शतकातल्या महदंबेच्या धवळ्यांत मिळते. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर रचलेल्या त्या गीतांमुळे ती मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. खाडीकाठच्या धवल्याला मात्र पोथी नाही. ओळी तोंडपाठ असाव्या लागतात आणि दर लग्नात थोड्या बदलाव्याही लागतात, कारण त्यांत त्या घरची नावे गुंफायची असतात. नवरीचा मामा कोण, आत्या किती, हे आधी विचारून घ्यायचे. एखादे नाव राहिले तर भर मांडवात रुसवा.

अशा कलेत दुसरा आवाज शोभेपुरता नसतो. ओळ परतून म्हटली जाते तेवढ्यात जाणतीला दम घेता येतो, पुढची ओळ जुळवता येते. नवखीला तीच ओळ एकदा कानांनी आणि एकदा स्वतःच्या गळ्याने मिळते. ती अडखळली तर जाणती आवाज चढवून ओळ सांभाळून घेते आणि विधी खोळंबत नाही. जाणती उठून गेली, तिचा घसा बसला, की गाणे आपसूक नवखीकडे येते. शिकणारीची चूक चारचौघांत होते आणि सावरणारी शेजारीच बसलेली असते. कलेच्या क्षेत्रात मार्गदर्शन हा शब्द अलीकडे फार सैल वापरला जातो. त्याचा कस या मांडवात लागतो. जो स्वतःच्या कामात, स्वतःच्या नावाच्या जोखमीवर नवख्याला जागा देतो, तो मार्गदर्शक. लांबून सल्ला देणे त्या मानाने सोपे.

अशी जागा देणे जाणत्याला जड जाते, हे कबूल केले पाहिजे. गाण्याच्या घराण्यांत ठेवणीतल्या चिजा लपवण्याचे किस्से पिढ्यान्पिढ्या सांगितले जातात, आणि त्यामागे नुसता कोतेपणा नव्हता. चीज हीच ज्याची मिळकत, त्याने ती दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे उद्याच्या पोटाची तरतूद देणे. म्हणून देणाऱ्याचे मोल ठरवताना त्याने काय पणाला लावले ते पाहावे लागते. सिनेमातले उदाहरण घेऊ. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे पुढचे दिग्दर्शक तिथेच तयार झाले. पडदे रंगवण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत पडेल ते काम करत ही मंडळी शिकली. शांतारामांना तिथे भूमिका मिळाल्या आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शनही मिळाले. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, याच शिष्यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. शिष्यांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. दिग्दर्शन सोपवले त्याच वेळी जाण्याचीही वाट मोकळी झाली होती. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात कोल्हापूरच्या त्या कारखान्याचा वाटा आहे. शिष्य आयुष्यभर आपल्याच दारात राहावा ही अपेक्षा धरून शिकवणारा माणूस शिष्य घडवत नाही, बिनपगारी मदतनीस सांभाळतो.

उलट बाजूचा प्रश्न, म्हणजे एकाला पुढे आणताना कोण मागे राहते हा, डहाणूच्या वारली पाड्यांवर उभा राहतो, आणि तो अधिक अवघड आहे. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचे काम सुवासिनींचे आणि विधीची गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९६० च्या दशकात बिहारच्या मिथिला भागात बायकांच्या हाती कागद दिले होते. सत्तरच्या दशकात ते वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा त्यांनी हेरली. कुलकर्णी शहरात शिकलेले होते, तरी आपली शैली त्यांनी म्हसे यांच्यावर लादली नाही. साहित्य दिले, दार उघडून दिले आणि चित्र ज्याचे त्याला काढू दिले. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. मार्गदर्शनाचा हा नमुना मोठाच आहे. पण कला भिंतीवरून कागदावर आली तेव्हा सुरुवातीला नाव आणि पैसा मुख्यतः पुरुषांकडे गेला आणि भिंती लिहिणाऱ्या बायकांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत. याला एक माणूस जबाबदार नाही. तरीही एका नवख्याला पुढे आणताना ती कला आजवर कुणी सांभाळली, हा प्रश्न त्याच वेळी विचारायला हवा. नंतर विचारला तर उशीर झालेला असतो.

ऐरोलीत कला सांभाळणाऱ्या बायकांचा हा प्रश्न जवळचा आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेतली गेली, आणि भातखाचरे, मिठागरे यांच्या जागी सेक्टर उभे राहिले. आज गावठाणाला लागून सोसायट्या आहेत, पलीकडे काचेच्या आयटी इमारती आहेत. लग्नाचा बेत हॉलच्या वेळेत बसवावा लागतो आणि हळदीला डीजे लागतो. धवला उरतो तो विधीपुरता, थोडक्यात. नवखीला मात्र अख्खे लग्न लागते. अर्ध्या तासाच्या धवल्यात तिला चार ओळी मिळतात आणि उरलेल्या जाणतीबरोबरच राहतात.

सेक्टरांमधली अवस्था वेगळी आहे, पण उणीव तीच. गायन, तबला, कथ्थक, चित्रकला यांचे वर्ग ठिकठिकाणी चालतात. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत दिल्या जातात. मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसतात. हे शिक्षण मोलाचे आहे. पण विशारद झालेल्या मुलीला बैठकीत श्रोते बोलू लागले तर काय करायचे, तबलजीला मानधन किती द्यायचे, नकार कसा पचवायचा, हे परीक्षेत येत नाही. ते कुणाच्या तरी मागे तानपुरा घेऊन बसल्यावर येते. गावठाणात जोडी होती आणि आता प्रसंग आटला. सेक्टरात प्रसंग आहेत, गणेशोत्सव, नवरात्र, महोत्सव आहेत, पण जोडी नाही. या दोन्हींची गाठ घालणे हे कलामंडळांचे, महापालिकेचे आणि ज्येष्ठ कलावंतांचे काम आहे. एका ज्येष्ठाला कार्यक्रम देताना त्याच्यासोबत एका नवख्याला मंचावर जागा असेलच, एवढी अट घातली तरी पुष्कळ होईल.

अशी सांगड घालताना व्यवहार आधी बोलावा. आपल्याकडे गुरूशी पैशाचे बोलणे मर्यादाभंग मानले जाते आणि या भिडेचा तोटा नेहमी दुबळ्या बाजूला होतो. केंद्र सरकारच्या क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूबरोबर साथीदाराला आणि शिष्यालाही दरमहा रक्कम मिळते. उदयपूरचे पश्चिम क्षेत्र आणि नागपूरचे दक्षिण-मध्य क्षेत्र, या दोन्ही केंद्रांत महाराष्ट्र येतो. रकमा मोठ्या नाहीत, तरी शिकणाऱ्याच्या वेळेलाही किंमत आहे हे तत्त्व सरकारी कागदावर मान्य झाले, ही चांगली गोष्ट. ऐरोलीतल्या मंडळाला किंवा शिक्षकाला तेवढे जमेलच असे नाही. पण आठवड्यातून किती वेळ द्यायचा, कार्यक्रमाच्या मानधनातला वाटा कुणाला किती, पत्रिकेवर नाव कसे छापायचे, ही बोलणी पहिल्याच भेटीत होऊ शकतात. आणि नवख्याला नाही म्हणून निघून जाता आले पाहिजे, तसे गेल्याने शहरातली बाकीची दारे बंद न होता. विशेषतः मुलींच्या बाबतीत ही सोय नसेल तर जोडी न बांधलेली बरी.

श्रेयाचा प्रश्न सर्वांत निकडीचा, कारण आता मांडवात मोबाइल असतो. धवल्याच्या चाली आणि ओळी घेऊन तरुण गायक गाणी रेकॉर्ड करतात, आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे पडते. ओळी कुण्या एकीच्या नव्हत्या हे खरे, पण त्या ज्या आजीकडून ऐकल्या ती एकच होती आणि गावातच राहते. तिचे नाव, तिचे गाव, कोणत्या विधीचा धवला आणि कोणत्या दिवशी म्हटला, एवढे गाण्याखाली लिहायला दोन ओळी पुरतात. तिच्याजवळ बसून ओळ परतून म्हणणारीचे नाव तिथेच खाली यायला हवे. रेकॉर्डिंगचे पैसे दोघींना त्याच दिवशी, त्यांच्या हातात द्यायला हवेत.