इंजिन बंद पडल्यावर आधी काय करायचं



मांडव्याहून वेंगुर्ल्यापर्यंत शिडाच्या होडीने जायचा तुझा बेत वाचला. मुक्काम नीट निवडले आहेस. इंजिनाबद्दल मात्र एवढंच लिहिलंस की, सर्व्हिसिंग झालं आहे. तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

सर्व्हिसिंग झालेलं डिझेल इंजिनही बंद पडतं, आणि पुष्कळदा नेमकं खाडीच्या तोंडाशी. त्याला कारण आहे. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साठलेला असतो. होडी बंदरात उभी असते तोवर तो खालीच राहतो. बाणकोटच्या किंवा दाभोळच्या तोंडावर ओहोटीचं पाणी लाटांना भिडतं, होडी घुसळून निघते, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणून निघण्याआधी टाकीच्या तळातलं थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून ठेव. थोड्या वेळाने बरणीत खाली पाणी दिसलं, तर टाकी साफ केल्याशिवाय हलू नकोस. जादा फिल्टर, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर आणि बेल्ट बरोबर हवेतच. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन धरत नाही. हवा काढायचा स्क्रू कुठे आहे, त्याला पाना कोणता लागतो, हे मेकॅनिकसमोर स्वतःच्या हाताने करून बघ. डोलणाऱ्या होडीत, डिझेलच्या वासात, डोकं खाली घालून ते पहिल्यांदा जमत नाही.

आता मुख्य गोष्ट. इंजिन थांबलं की हात लगेच त्याच्या झाकणाकडे जातो. तसं करू नकोस. आधी होडी कुठे वाहत चालली आहे ते बघ. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा तुला किनाऱ्यापासून दूर नेतो, पण दुपारी वायव्येचा वारा सुटला की तो तुला खडकांकडे रेटतो. सकाळी ज्या बिघाडाला निवांत वेळ देता येतो, त्याच बिघाडाला दुपारी किनाऱ्याजवळ पाच मिनिटंही मिळत नाहीत. शीड चढव आणि खोल पाण्यात जा. वारा पडला असेल तर नांगर टाक. आपल्या किनाऱ्यालगत पाणी उथळ आहे, बहुतेक ठिकाणी नांगर तळाला पोचतो. साखळी भरतीच्या खोलीच्या किमान पाचपट सोड. होडी सुरक्षित झाली की मग झाकण उघड. म्हणूनच खाडीत शिरताना शीड बांधून ठेवायचं नाही आणि नांगर मोकळा ठेवायचा.

पंख्यात जाळ्याचा दोर अडकला तर इंजिन तत्काळ बंद कर. गिअर पुढे-मागे टाकून दोर सुटेल असं समजू नकोस, त्यात शाफ्टच जायचा. अंधारात पाण्यात उतरायचं नाही. जाळं कापावं लागलं तर ते कोणाचं हे जवळच्या बंदरात विचार आणि भरपाई दे. त्यावर कोणाचं तरी घर चालतं.

बिघाड झाल्यावर बंदर गाठायचं की नाही, याची दोन उदाहरणं सांगतो. शिडाच्या होडीतून एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी यांनी स्वच्छतागृहाचं दार कापून आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्रणेचा मोडलेला भाग बनवला आणि 2023 साली दुसरा क्रमांक मिळवला. बंदरात शिरून दुरुस्ती करायला शर्यतीचे नियम आडवे येत होते. उलट, 2018 साली जगप्रदक्षिणेत नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या होडीच्या सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा तिच्यावरच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी होडी मॉरिशसच्या पोर्ट लुईसला नेली. ते बंदर ठरलेल्या मुक्कामांत नव्हतं. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात. तुला मात्र तारिणीचाच रस्ता घ्यायचा आहे. जयगड, विजयदुर्ग, देवगड ही बंदरं तुझ्या वाटेवरच आहेत. मुक्काम चुकला तर चुकू दे.

व्हीएचएफ रेडिओचं 16 नंबरचं चॅनल आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक सुकाणूजवळ ठळक लिहून ठेव. होडी हाताबाहेर जाण्याची वाट न बघता कळव.

इंजिनातली हवा स्वतः काढता आली की मला फोन कर, आणि त्यानंतरच निघ.

तुझा,
काका