पाचवे कारण

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात गीतेला अनुसरून कर्माच्या पाच कारणांचे विवेचन येते: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे निरनिराळे व्यापार, आणि पाचवे दैव. याच प्रवरेच्या खोऱ्यात, लोणीसारख्या ठिकाणी, दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आता नित्याची झाली असून तीत अपाय घडल्यास ‘नशिबात होते’ असे म्हणून विषय मिटवला जाऊ शकतो. म्हणूनच दैवाचा आधार नेमका केव्हा घ्यावा, हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहत नाही.

१९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी प्रथम केलेल्या या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारे आत घालतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्ताची गळती, आतड्याला इजा हे धोके तीत आहेतच. परंतु विशेष भय असते ते मुख्य पित्तनलिकेला, म्हणजे यकृतातील पित्त आतड्याकडे नेणाऱ्या नळीला, इजा होण्याचे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण हजारी एक-दोन मानले जाते, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ते अनेक पाहण्यांत हजारी तीन ते पाच आढळले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा २५२ इजांच्या एका अभ्यासात ९७ टक्के प्रकरणांचे मूळ दृष्टिभ्रमात सापडले: बहुतेकदा मुख्य नलिकाच पित्ताशयाची नलिका भासली आणि पूर्ण खात्रीने कापली गेली. एका वस्तूवर दुसरीचा आरोप होणे याला वेदान्तात अध्यास म्हणतात, आणि भ्रम असेपर्यंत तो भ्रम वाटत नाही हे त्याचे लक्षण येथे तंतोतंत लागू पडते.

शंकराचार्यांनी, आणि त्यांच्यामागून ज्ञानेश्वरांनी, दैव या पाचव्या कारणाचा अर्थ इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा लावला आहे, जसा डोळ्यांच्या बाबतीत सूर्य. या अर्थाने दैव डोळ्यांना पाहू देते. न पाहिल्याची सबब म्हणून ते पुढे करता येत नाही. चरबी व पडदे सोडवून पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना, नलिका आणि धमनी, स्पष्ट दिसल्यावाचून काहीही कापू नये, आणि त्या दिसत नसतील तर पोट उघडावे किंवा पित्ताशयाचा काही भाग आतच ठेवून थांबावे, हा १९९५ पासून रुजत गेलेला दंडक म्हणजे कर्त्याने स्वतःच्या खात्रीवरही संशय घेण्याची शिस्त होय.

केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा अज्ञानी, असे गीता पुढे म्हणते. पण त्यावरून कर्त्याचे उत्तरदायित्व संपते असे निष्पन्न होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली डॉक्टरच्या निर्णयातील प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे असे मानले, मात्र २००८ साली उपचाराचे स्वरूप, पर्याय व मोठे धोके समजल्यावरच रुग्णाची संमती खरी ठरते असे सांगितले. ज्या देहावर हे कर्म घडते त्याच्या धन्याला धोका आधी त्याच्या भाषेत कळलेला असेल आणि शिस्तही पाळली गेली असेल, तरच उरलेल्या अपायाला दैव म्हणणे न्याय्य ठरते.