आधी तो मोहोर खुड

रोपवाटिकेवाल्याने फसवलं, हे पुन्हा माझ्यासमोर म्हणायचं नाही. त्याने दिलेलं आम्रपालीचं कलम अस्सल आहे, मी स्वतः पाहिलंय. दशहरी आणि नीलमच्या संकरातून दिल्लीच्या पुसा संस्थेने १९७१ साली काढलेली ही जात मुळातच ठेंगणी. अडीच-अडीच मीटरवर लावली तर हेक्टरी सोळाशे झाडं बसतात. गच्चीवर हापूसचा हट्ट सोडून तू आम्रपाली निवडलीस, तिथपर्यंत तुझं बरोबर होतं.

पण निवडलंस कुठलं? दहा कलमांतलं दोन कैऱ्या लोंबणारं. कैऱ्या बघितल्यास, खोड बघितलं नाहीस, सांधा नीट जुळलाय का ते बघितलं नाहीस. घरी आणून त्या कैऱ्या पिकेपर्यंत तशाच ठेवल्यास. पुढच्या वर्षीचा मोहोरही ठेवलास. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर खुडायचा, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा तू वहीत लिहून घेत होतास. वीतभर फांद्या आणि मोजकी पानं. तेवढ्या पानांनी केलेलं अन्न फळांनी ओढलं. मुळं कशावर वाढणार?

आणि ती मुळं राहतात कुठे, तर दहा इंची चिनी मातीच्या कुंडीत, जिच्या बुडाला भोकच नाही! दिवाणखान्यातल्या पडद्यांना शोभते म्हणून आणलीस ना? जमिनीतल्या झाडाला पाणी कमी पडलं तर ते मुळं लांब धाडतं. कुंडीतल्या झाडाला जायला जागा नसते. तू देशील तेवढंच त्याला मिळतं, आणि तू साचवलंस तर त्यातच ते कुजतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते रे.

आता हा फुटवा बघ. ‘सर, नवी पालवी आली’ म्हणून कौतुकाने दाखवलास तो. माती बाजूला कर. दिसला सांधा? चार बोटं मातीखाली गाडलायस. फुटवा त्याच्याही खालून आलाय, म्हणजे खुंटाचा, रायवळ कोयीचा. तो जोमाने वाढतोय आणि आम्रपाली शेंड्याकडून वाळत चाललीय. सहा महिने तू खत घातलंस ते या खुंटाला.

वाळत्या फांदीवर यंदा भरघोस मोहोर आलाय, म्हणून झाड सुधारतंय असं तुला वाटतं. डाळिंबाचा बागायतदार बहार धरायला पाणी तोडतो, ते कशासाठी? ताण बसला की झाड फुलतं. तो मुद्दाम, मोजून ताण देतो आणि मग झाडाला सावरतो. तू नकळत दिलास आणि वर खूश झालास. मला राग येतो तो याचा. झाड दोन वर्षं तुला सांगतंय आणि तुझी नजर फळावरून हलत नाही.

फुटवा बुडापासून काढ. सांधा मोकळा ठेव. भोकं असलेली अठरा इंची कुंडी आण, मुळांचा गोळा न फोडता आजच हलव, आणि बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नकोस. मुळांची छाटणी आत्ता नाही, ती झाड सावरल्यावर.

पण त्याआधी मोहोर. आत्ता, माझ्यासमोर. कात्री कशाला, हाताने खुड. सगळा.

तो पानाआडचा राहिला.