मृताचा चेहरा व जिवंताचे पाचारण

शास्त्रपाठ : मत्तय १४:१-२, १६:१३-१८, लूक ७:२४-३५



साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत आपल्या खेड्यांत वडील माणसे मुलाचे तोंड निरखून म्हणतात, "हुबेहूब आज्यावर गेला आहे." निवर्तलेला आजा विश्वासू उपदेशक असला, तर नातवाला प्रत्येक चुकीसरशी त्याचे नाव ऐकावे लागते. तो ख्रिस्ताला न ओळखता पोतराज म्हणूनच गेला असला, तर गाव म्हणते, "रक्त कोठे बदलते?" एकाच्या माथी न फिटणारे ऋण, दुसऱ्याच्या माथी न पुसणारा डाग!

आपल्या प्रभूलाही हे चुकले नाही. मरिया व अलीशिबा नातलग होत्या. म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान प्रभूचा आप्तच. हेरोदाने त्याचा शिरच्छेद करविला, आणि पुढे येशूची कीर्ती कानी येताच, हा योहानच मेलेल्यांतून उठला, असे त्याला वाटले. लोकही तसेच बोलत.

प्रभूने योहानाला कमी लेखले नाही; सर्वांसमक्ष त्याचा गौरव केला. परंतु त्याने योहानाचे अनुकरणही केले नाही. योहान रानात उपासतापास करीत राहिला. प्रभू जकातदारांच्या पंगतीस बसला. दोघांनाही लोकांनी नावे ठेविली, तरी प्रत्येकाने पित्याने नेमिलेलेच कार्य केले.

आपल्या मंडळीतील उदाहरण पाहा. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यास येऊन राहिले व १९१९ साली प्रभूकडे गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी बालपणी शाळा पाहिली नव्हती. पतीच्या कीर्तीशी तुलना तर अटळ होती. तरी त्यांनी त्या काव्याचे पुढील अध्याय रचिले, आणि 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ आपल्याच घरगुती बोलीत लिहिला. वारसा त्यांनी नाकारला नाही, आणि आपली वाणीही सोडिली नाही.

म्हणून वडील जनांस आमची विनंती आहे की, मृतांची आठवण मुलांस आशीर्वाद म्हणून द्या, छडी म्हणून नव्हे. आणि तरुणांनो, आज्याच्या पुण्याईवर विसंबू नका; त्याच्या अंधारामुळे खचूही नका. प्रभूने पेत्राला प्रथम 'योनाचा पुत्र' म्हणून हाक मारली, म्हणजे त्याच्या बापाचे नाव पुसले नाही. मग त्याच्या स्वतःच्या कबुलीवरून त्याला त्याचे नाव सांगितले. ती कबुली आज्याने आपल्यासाठी देऊन ठेविलेली नसते. ती ज्याची त्यानेच द्यावयाची आहे. आमेन.