हा दगड कोणासाठी?



३० जुलै ही तारीख महाराष्ट्राला दोनदा रडवून गेली. १९९१ साली त्या दिवशी वर्धा नदीच्या पुराने आपल्याच नागपूर जिल्ह्यातले मोवाड गाव उद्ध्वस्त केले. दोनशेवर माणसे गेली. २०१४ साली त्याच तारखेला सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ जीव मातीखाली गेले. एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्यांना हे कळले. आज तेथे स्मृतिस्तंभ आहे. गेलेल्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत.

आम्हाला प्रश्न पडतो तो असा, की हा दगड कोणासाठी? मृतांसाठी म्हणावे, तर त्यांचे नाव परमेश्वर जाणतो. छिन्नीने कोरले म्हणून ते टिकते असे नाही. आप्तांसाठी म्हणावे, तर त्यांना डोके टेकायला जागा मिळते हे खरे. पण लेकरू गमावलेल्या आईला आठवण करून द्यायला दगड लागत नाही. मग उरतो आपण. ज्यांचे काहीच गेले नाही, ज्यांना विसरणे सोपे आहे.

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा दगड आणवून रचले. पुढे मुले विचारतील की हे दगड कशाचे, तेव्हा वडिलांनी सांगावे, एवढ्यासाठी. ते सुटकेचे स्मारक होते, माळीणचे दुःखाचे आहे. पण काम एकच. दगड स्वतः बोलत नाही; तो विचारायला लावतो.

धोका आहे तो इथेच. वर्षातून एकदा फुले वाहिली, दोन मिनिटे उभे राहिलो, की कर्तव्य संपले असे आपल्याला वाटते. वर आपण म्हणतो, ‘देवाची मर्जी!’ शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा प्रभू येशूने मृतांची पापे मोजू दिली नाहीत. त्याने ऐकणाऱ्यांनाच सांगितले की तुम्ही बदला. पाऊस देवाचा, हे मान्य. पण उतार कोणी कापला, नाला कोणी बुजवला, याचा हिशेब देवाच्या नावावर कसा लिहिणार? माळीणचे पुनर्वसन झाले, त्या नव्या जागीही २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात जमीन खचली. स्तंभ उभारणे सोपे, शिकणे कठीण.

आपल्यालाही लांब जायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. आपल्या शेजारच्या वस्त्यांतील लोकांनी अंधारात म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर नेली. काहींचे प्राणही गेले. सांडव्यासमोरच्या स्मारकामुळे पाणी अडले का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. यात थोर पुरुषाचा काहीच दोष नाही. पण आदराने उभारलेला दगडसुद्धा कुठे उभारला हे पाहावे लागते, एवढे त्यातून समजावे.

संत थॉमस अक्वायनस स्मृतीला विवेक या सद्गुणाचा एक भाग मानतात. सेमिनरीत हे पाठ केले तेव्हा आम्हाला ते कोरडे वाटले होते. आज वाटत नाही. मागचे खरेपणाने आठवल्यावाचून पुढचे नीट ठरवता येत नाही. म्हणून आठवण ही केवळ भावना नव्हे. ते एक कर्तव्य आहे, आणि ते टाळणे हा दोष आहे.

नोव्हेंबरात आपण कबरस्तानात मेणबत्त्या लावतो. त्या वेळी मोवाड, माळीण आणि अंबाझरीच्या मृतांसाठीही प्रार्थना करू या. आणि घरी परतताना मुलांना नाग नदी दाखवू या. ती विचारतील, इथे काय झाले होते? तेव्हा खरे उत्तर देण्याचे धैर्य आपल्याला असो. त्या उत्तरात कचऱ्याने तुंबलेल्या आपल्या गटाराचाही उल्लेख असू द्या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू