वरून चकचकीत

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये दिनू वेल्डिंगला होता. हात असा साफ, की त्याने टिगने घातलेली शिवण बघायला शेजारच्या शेडमधली माणसं यायची.

एकदा मॅग्नेशियम मिश्रधातूच्या प्लेटा जोडायला आल्या. चार मिलिमीटर जाड, पण वजनाला ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश आणि पोलादाच्या पावभरही नाहीत. दिनूने टॉर्च उचलला तसे वर्कशॉपमधले सदाकाका म्हणाले, "टिगने जुळतील रे, पण हा धातू वितळला की हवेशी भांडतो. थंड होताना भोकं धरतो, तडे जातात. याला न वितळवता जोडायचं."

काकांनी दोन प्लेटा कडेला कड भिडवून बेडवर क्लॅम्प केल्या. मशीनला पोलादी टूल लावलं: रुंद शोल्डर आणि त्याच्या टोकाला आखूड पिन. गरगर फिरणारी पिन सांध्यात उतरली, शोल्डर प्लेटांवर दाबून बसला. घर्षणाने धातू तापला, पण वितळबिंदूच्या अलीकडेच थांबला आणि मळलेल्या कणकेसारखा मऊ होऊन पिनेभोवती फिरत मागे भरत गेला. ना ठिणगी, ना धूर, ना फिलर रॉड. "१९९१ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये ही युक्ती निघाली," काका म्हणाले.

दिनूला मात्र ते टूल गोगलगाईच्या चालीने सरकतंय असं वाटलं. संध्याकाळी गाडी माल न्यायला येणार होती. काका चहाला गेले आणि त्याने फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, चौपट केला. तासाभरात ढीग पुरा. प्रत्येक शिवण चकचकीत, वर बारीक, एकसारख्या कमानी.

काका आले. शिवणीवरून बोट फिरवलं, काही बोलले नाहीत. एक प्लेट करवतीवर आडवी कापली. भुसा लगेच झाडून झाकणाच्या डब्यात भरला, कारण मॅग्नेशियमचा भुसा पेटला तर पाण्याने आणखी भडकतो. त्यासाठीच मशीनशेजारी कोरड्या वाळूची बादली असते. मग कापलेली कड पॉलिश पेपरवर घासून दिनूसमोर धरली. शिवणीच्या तळाशी बारीकसं भोक होतं. काकांनी त्यात तार घातली, ती सरळ आत गेली.

"बोगदा आहे हा. टूल धावलं, धातूला पुरता तापायला वेळच मिळाला नाही. मऊ झाला नाही, म्हणून पिनेच्या मागची जागा भरलीच नाही."

"पण काका, वरून तर एकदम झकास दिसतंय!"

"वरून दिसणारच. शोल्डर घासत जातो ना! आत जोड बसो वा न बसो, वरचा भाग तो गुळगुळीत करूनच सोडतो."

"मग फिरकी वाढवू?"

"नुसती फिरकी वाढवलीस तर उष्णता जास्त होईल, कडेने धातू बाहेर सांडेल आणि आतले कण मोठे होऊन जोड नरम पडेल. फीड आणि फिरकी यांचा मेळ लागतो, बाबा."

गाडी रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी दिनूने फीड उतरवला, पहिली प्लेट स्वतःच कापली, भरीव निघाली, तेव्हा कुठे दुसरी लावली.

तात्पर्य: जे काम वरून आपोआप चकचकीत होतं, ते कापून पाहिल्याशिवाय पास करू नये, आणि पहिली प्लेट आपण स्वतःच कापावी, गिऱ्हाइकावर ती वेळ आणू नये.