मिरची पिकते म्हणजे नेमके काय होते?

कुंडीतली मिरची आकाराने पूर्ण भरते, पण आठवडे उलटले तरी लाल होत नाही. किंवा टोकाकडे लाल आणि देठाकडे हिरवी अशी अर्धवट राहते. घरच्या बागेतल्या या नेहमीच्या तक्रारीत भारतीय तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. वस्तू पिकते तेव्हा वस्तूच बदलते, की फक्त तिचे गुण? आणि पिकणे ही एकच घटना, की अनेक घटनांचे मिळून एक नाव?

न्याय-वैशेषिक दर्शनांनी हा विचार ‘पाक’ या सदराखाली केला. ज्या तेजःसंयोगाने, म्हणजे उष्णतेच्या संपर्काने, पृथ्वीद्रव्याचे रूप, रस, गंध आणि स्पर्श पालटतात, तो पाक. नेहमीचे उदाहरण घड्याचे: कच्चा असताना काळपट, भट्टीतून निघाल्यावर लाल. वैशेषिकांच्या मते उष्णतेने घडा परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळून नवा लाल घडा तयार होतो. एरवी घट्ट घड्याच्या आतल्या कणांना तेज भिडणार कसे, असा त्यांचा सवाल. हा पीलुपाकवाद. नैयायिकांना तो पटत नाही. भट्टीत डोकावले तर घडा सतत दिसतो, त्याचा आकार मोडत नाही आणि बाहेर काढल्यावर ‘हा तोच’ अशी ओळखही पटते. घड्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून तेज आत शिरते आणि अखंड घड्यातच रंग बदलतो. हा पिठरपाकवाद.

या वादाच्या आरंभी मिरची भारतात नव्हती. ती १६ व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. तिची साक्ष मात्र दोन्ही पक्षांना थोडीथोडी उपयोगी पडते. मिरची लाल होताना पेशींतली हरितलवके मोडतात. त्यांच्यातले हरितद्रव्य नाहीसे होते, आतले पडदे विस्कटतात आणि त्याच लवकांत कॅप्सँथिन नावाचे लाल रंगद्रव्य साठू लागते. म्हणजे सूक्ष्म पातळीवर मोडतोड आणि नवी जुळणी दोन्ही घडतात. फळ मात्र झाडावर अखंड लटकलेले असते. तेव्हा मिरचीपुरता कौल नैयायिकांकडे झुकतो: मिरची तीच, रंग दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथावरील गोवर्धनाच्या न्यायबोधिनी टीकेत सापडते. गवतात ठेवलेल्या आंब्याचा हिरवा रंग जाऊन पिवळा येतो, तरी रस आंबटच राहू शकतो. म्हणून रंग पालटवणारा तेजःसंयोग वेगळा आणि रस पालटवणारा वेगळा मानावा लागतो. मिरचीत हे आणखी ठळक दिसते. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन फळ हिरवे असतानाच साठत जाते. लाली आणि गोडसरपणा मागाहून येतो. ब्याडगी मिरची रंगाला गडद पण बेताची तिखट, तर लवंगी हिरवीच झणझणीत. रंग आणि तिखटपणा यांची कारणे वेगळी आहेत, हे स्वयंपाकघरातही कळते.

रंग अडण्याची कारणे बागेत तपासता येतात. फळ धरल्यापासून पूर्ण भरायला जातीनुसार ४ ते ६ आठवडे आणि लाल व्हायला आणखी २ ते ४ आठवडे लागतात. पुष्कळदा अडचण केवळ घाईची असते. कडाक्याच्या थंडीत रंग धरण्याचे काम मंदावते. युरियासारखे नत्रयुक्त खत जास्त झाले तर झाड पाने वाढवत राहते आणि फळे उशिरा पिकतात. झाड सावलीतल्या गॅलरीत असले किंवा त्याला फार फळे लागली तरी हेच होते. उष्णता वाढवत नेणे हा मात्र उपाय नव्हे: रणरणत्या उन्हाळ्यात फुलगळ होते, रंगही नीट चढत नाही आणि उघड्या फळांवर पांढुरके चट्टे पडतात. भट्टीतल्या घड्याशी मिरचीचे साम्य इथे संपते. घड्याला बाहेरचे तेज पिकवते. मिरची स्वतःच्या पेशींतल्या क्रियांनी पिकते, बाहेरची ऊब केवळ निमित्तकारण ठरते.

आंब्यासारखी आढीही मिरचीला फारशी लागू पडत नाही. पूर्ण हिरवी तोडलेली मिरची सहसा नीट लाल होत नाही, सुकून सुरकुतते. लाली दिसू लागल्यावर तोडलेली मात्र घरातही रंग पुरा करू शकते.

राहिली अर्धी लाल, अर्धी हिरवी मिरची. तिचा रंग कोणता म्हणायचा? तर्कसंग्रहातील सात रंगांत हरित आणि रक्त आहेतच, शिवाय ‘चित्र’ म्हणजे बहुरंगी हा सातवा रंगही आहे. परंपरेच्या मते एका वस्तूला एकच व्यापक रंग असतो, म्हणून अशा फळाचा रंग चित्र. काही नव्य नैयायिकांनी हे नाकारले: एकाच वस्तूत निरनिराळ्या भागांत निरनिराळे रंग राहू शकतात. बागेत दुसरे मत अधिक उपयोगी पडते, कारण पिकणे फळाच्या सगळ्या भागांत एकाच वेळी होत नाही.

तेव्हा ‘मिरची पिकत नाही’ हे वाक्य अपुरे आहे. कोणता गुण अडला, हे आधी ठरवावे लागते. तिखटपणाच हवा असेल तर पूर्ण भरलेली हिरवी मिरची खुशाल तोडावी. रंग किंवा बियाणे हवे असेल तर तिला झाडावरच लाल होऊ द्यावे.